रांगेत शेवटची

मंगलाबाईच्या हातची नागलीची भाकरी खाऊन मोठ्या झालेल्या मुली आज कुठे कुठे आहेत, हे तिला विचारू नये. विचारलंत तर तुमची दुपार गेली म्हणून समजा. परातीतला हात तसाच ठेवून ती सुरू करते. एक वनखात्यात लागली, एक कळवणला प्राथमिक शाळेवर आहे, एक इगतपुरीला रेल्वेत, दोघी अंगणवाडीत. पिंकी तर एसटीत कंडक्टर. नाशिक-पेठ गाडीवर असते आणि दारुड्याला घाटात उतरवून द्यायलाही कमी करत नाही. या सगळ्या आपल्याच पोटच्या असल्यासारखी ती सांगते. मग ऐकणारा सहज विचारतो, की बाई, तुमची स्वतःची मुलगी होती ना एक? तेव्हा मंगलाबाई पुन्हा भाकरी थापायला लागते. "ती बरी हाय," म्हणते.

ती बरी नाही. ती तिथेच, मागच्या खोलीत असते.

पेठ रोडला, पंचवटी मागे टाकली की मुलींचं एक वसतिगृह लागतं. एक ट्रस्ट ते चालवतो. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहतात आणि शहरातल्या शाळेत जातात. मंगलाबाईही तिकडचीच. नवरा मंगळू दर हंगामाला दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला जायचा. एका वर्षी कावीळ घेऊन परत आला आणि झाडपाल्याच्या औषधावर भरवसा ठेवून गेला. मागे राहिली मंगलाबाई आणि सहा वर्षांची तृप्ती. सासरी कोणी हाकललं नाही, पण कोणी थांबवलंही नाही. ओळखीतून वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, पोरीलाही तिथेच जागा मिळाली. स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, ती मंगलाबाईची. तृप्ती मात्र हॉलमध्ये, इतर मुलींत.

पहिल्याच दिवशी अधीक्षिका मॅडम तिला एवढंच म्हणाल्या होत्या, की मुलगी इथे इतरांसारखी राहू दे, उद्या कोणी तक्रार करायला नको. मॅडमनी हे जाता जाता म्हटलं आणि त्या विसरूनही गेल्या. पण मंगलाबाई पडली पोळलेली बाई. तिने ते वाक्य पदराच्या गाठीला बांधलं आणि मॅडमच्या एका वाक्याचा अख्खा कायदा करून टाकला.

कायदा असा. वसतिगृहातल्या सगळ्या मुली स्वयंपाकीणबाईला मावशी म्हणतात, तर तृप्तीनेही मावशीच म्हणायचं. जेवणाच्या रांगेत तृप्तीने सगळ्यात शेवटी उभं राहायचं. भाजी संपली तर चटणी, चटणी संपली तर मीठ. नवीन गणवेश आले की सगळ्यांचे मापाचे निघाल्यावर उरेल तो तिचा. दुखलं-खुपलं, कोणी मारलं, कोणी चिमटा काढला, यातलं काही स्वयंपाकघरात आणायचं नाही. पहिल्या आठवड्यात पोर एकदा दुपारची दारात येऊन उभी राहिली होती. काही बोलत नव्हती, नुसती उभी होती. मंगलाबाईने डाळ घोटता घोटता मान वर केली आणि "जा, हॉलमध्ये जा, बाकीच्या पोरी बघत्यात," म्हणाली. तृप्ती गेली. पुन्हा तशी कधी आली नाही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आहे. जग त्या म्हणीप्रमाणे चालतं म्हणून आपण जगाला नावं ठेवतो. मंगलाबाईने ती म्हण उलटी जगून दाखवली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. बाई किती निःपक्षपाती, म्हणाले. ट्रस्टच्या एका कार्यक्रमात तिला साडी आणि नारळही दिला. त्या दिवशीही जेवणाच्या रांगेत तृप्ती शेवटचीच होती, आणि जिलेबी तिच्यापर्यंत पोहोचली नाही.

आता कोणाला वाटेल, बाईचं काळीजच दगडाचं. तसं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. मुलं वाढवण्याची अक्कल देवाने ज्या थोड्या माणसांना दिली, त्यांतली ती एक होती. पिंकी सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आली तेव्हा आठ वर्षांची होती. आई नाही, बाप दिवस उजाडायच्या आधी प्यायलेला. पोरगी अंथरूण ओलं करायची आणि सकाळी भिंतीकडे तोंड करून बसायची. इतर मुली उठायच्या आत मंगलाबाई तिची गोधडी धुऊन वाळत घालायची, वर चार कोरड्या गोधड्या टाकायची, म्हणजे कोणाची कोणती ते कळायला नको. तिच्या केसांना तेल लावताना तिला विचारायची, पाड्यावर कोंबड्या किती, मोहाची फुलं कोण वेचतं. महिन्या-दोन महिन्यांत गोधडी कोरडी राहायला लागली. मॅडमनी विचारलं, हे कसं केलंत? तर म्हणाली, "घाबरलेल्या पोराला आधी जवळ घ्यायचं. मग विचारायचं. आन रागवायचंच आसंल तर समद्यात शेवटी."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि ती ते प्रत्येक मुलीशी पाळत असे. कोणी नापास झाली, कोणी पळून जायला निघाली, कोणाचं वयात येताना घाबरून पाणी झालं, की पाय स्वयंपाकघराकडेच वळत. मोठेपणी या मुली पडल्या, आपटल्या, एकीला नवऱ्याने टाकलं, एकीचं मूल गेलं. पण त्या उठल्या. आपल्या मागे कोणीतरी आहे हे लहानपणी एकदा अंगात मुरलं, की माणूस पुढे बरंच काही सोसून पुन्हा उभं राहतं. मंगलाबाईने असल्या कितीतरी मुलींच्या मागे उभं राहून दाखवलं. एकीच्या सोडून.

त्या एकीबद्दल तिला काळजी वाटत नव्हती, कारण ती समंजस होती. सगळे तसंच म्हणायचे. तृप्ती किती समंजस, रडत नाही, मागत नाही, भांडत नाही, वर्गात पहिल्या पाचांत. लहान मूल समंजस आहे असं कोणी कौतुकाने सांगायला लागलं, की खरं तर घरातल्या मोठ्यांनी घाबरायला पाहिजे. आपण पेढे वाटतो. मंगलाबाईलाही अभिमानच होता. सुट्टीत पाड्यावर गेल्यावर ती पोरीला म्हणायची, इथं कोणी नाही, इथं आई म्हण. तृप्ती मान हलवायची आणि हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन पदर ओढायची. आई म्हणायला तिची जीभ वळेना. मंगलाबाईने ते हसण्यावारी नेलं.

तृप्ती पाचवीत असताना मॅडमचं घड्याळ हरवलं. हात धुताना नळापाशी काढून ठेवलं आणि विसरल्या. सोनेरी पट्ट्याचं, बहिणीने दिलेलं. दोन्ही मजले पालथे घातले, मुलींच्या पेट्या उघडल्या. घड्याळ सापडलं ते स्वयंपाकघरात, नागलीच्या पिठाच्या डब्यात. त्या डब्यात मंगलाबाईशिवाय हात घालणार कोण? मॅडम तोंडाने काही बोलल्या नाहीत. पण मुली मंगलाबाईकडे बघायला लागल्या, मग तृप्तीकडे, मग पुन्हा मंगलाबाईकडे.

लोक आता काय म्हणतील हे मंगलाबाईला लोकांच्या आधी ऐकू आलं. नोकरी गेली, खोली गेली, पाड्यावर परत, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तिने तृप्तीला दंडाला धरून पुढे ओढलं आणि सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या.

"चुकलं म्हण मॅडमना," ती म्हणाली.

"मी नाही घेतलं, मावशी."

"म्हण म्हणते ना. म्हण."

तृप्तीने आईच्या तोंडाकडे एकदा नीट बघून घेतलं. मग मॅडमकडे वळून, हात जोडून, म्हणाली, "चुकलं." मॅडमनी मोठ्या मनाने माफ केलं. असं करू नये बाळा, म्हणाल्या. सगळं पाच मिनिटांत आटोपलं आणि मंगलाबाईच्या जिवात जीव आला.

त्याच आठवड्यात एका दुपारी पिंकी स्वयंपाकघरात आली, लसूण सोलायला बसली आणि लसणावर डोळ्यांतलं पाणी गाळायला लागली. घड्याळ तिने घेतलं होतं. चोरायचं नव्हतं, नुसतं हातात घालून बघायचं होतं. तेवढ्यात ओरडा झाला, आणि ती भाकऱ्या थापू लागायला आली होती, म्हणून घाबरून पिठात खुपसलं. मंगलाबाईने तिला आधी जवळ घेतलं. मग विचारलं. रागवायची वेळ आलीच नाही. मॅडमना कळलं तर हिला घरी पाठवतील, आणि हिचा बाप दोन वर्षांत हिचं लग्न लावून मोकळा होईल, हे मंगलाबाईला स्पष्ट दिसत होतं. "गप. कोनाला सांगत नाय मी," ती म्हणाली. "तू पन माझीच लेक हायेस."

आणि तृप्ती? तिचं तर मिटलं होतं. माफी मागून झाली, माफी मिळूनही झाली. मेलेलं मढं कशाला उकरायचं? ती आपली आहे, आपल्याच रक्ताची, ती सोसेल. मंगलाबाईने असा हिशेब केला. त्यात तिचा स्वार्थ शून्य होता, आणि तीच खरी रडायची गोष्ट आहे. वाईट माणसाने केलेली चूक निदान ओळखू येते.

पुढे वर्षभर वसतिगृहात काही हरवलं, मग ते रबर असो की रिबीन, की मुली तृप्तीची पेटी आधी उघडायच्या. तृप्ती स्वतःच किल्ली काढून द्यायला लागली.

पिंकी बारावीत आपटली. निकालाच्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन पोटभर रडली, पोटभर जेवली आणि पुन्हा परीक्षेला बसली. नंतर एसटीत लागली. खाकी ड्रेस घालून पहिल्यांदा आली तेव्हा मावशीच्या पाया पडली. दर दिवाळीला साडी घेऊन येते. तृप्ती कधीच नापास झाली नाही. नर्सिंगचा कोर्स केला, नोंदणी झाली, गंगापूर रोडच्या बाजूच्या एका खाजगी हॉस्पिटलात लागली. नाव सांगायचं कारण नाही, अशी हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत. मखमलाबादला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहू लागली. कोणाला सुट्टी हवी असली की तृप्तीला ड्यूटी लागायची. सणावाराला सगळ्यांच्या वाटची ती करायची. आली की मंगलाबाई विचारायची, बरं चाललंय ना? ती म्हणायची, हो मावशी. यापलीकडे दोघींना कधी काही बोलायला लागलं नाही, आणि मंगलाबाई त्यालाही समंजसपणाच म्हणत राहिली.

मागच्या हिवाळ्यात पिंकी एका दुपारी दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात वसतिगृहात आली. हातात साडी नव्हती आणि हसतही नव्हती. तिच्या गाडीने करंजाळीची नवसाबाई रोज ये-जा करते, ती तृप्तीच्याच हॉस्पिटलात आया आहे. तिने सांगितलेलं पिंकीने मावशीला सांगितलं. ओझरहून आलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटला चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं. म्हातारा निळा पडला, मशीनवर गेला, कसाबसा वाचला. त्याच्या मुलांनी काचा फोडल्या. हॉस्पिटलने सगळ्या नर्सना उभं करून विचारलं, कोणी दिलं? कोणी बोलेना. आणि तृप्ती म्हणाली, माझं चुकलं.

"मावशी, ती तवा वार्डात पन नव्हती," पिंकी म्हणाली. "ड्यूटी बदलायच्या टायमाला झालं. सीनियर सिस्टरनं दिलं, नवसाबाईनं डोळ्यानं बघितलंय. तृप्ती खाली ड्रेस बदलत होती."

सोमवारी चौकशी होती. तृप्तीने तेच पुन्हा सांगितलं तर नोकरी जाणारच होती, वर तिची नर्सची नोंदणी रद्द करावी म्हणून हॉस्पिटल वर लिहिणार होतं. म्हणजे जन्मभर कुठल्या पेशंटच्या अंगाला हात लावता येणार नाही. नवसाबाई खरं सांगायला तयार होती. पण पोरगीच चुकलं म्हणत असेल तर आपण मधे पडून आपली भाकरी का घालवावी, असंही ती म्हणाली होती. तिचं तरी काय चुकलं?

मंगलाबाई परातीपाशी बसली. पिंकी तिच्यासमोर उकिडवी झाली आणि खाली बघत म्हणाली, की ही सवय तिला कुठून लागली ते मला ठाऊक आहे. त्या घड्याळाचं तिने नंतर कधी मनात ठेवलं नाही ना? मंगलाबाई पदराची गाठ सोडायला आणि बांधायला लागली. तेव्हा पिंकीने मान वर केली.

"मावशी, तू तिला सांगितलंच नाय? माझं नाव?"

मंगलाबाईने मान हलवली. पिंकी इतकी वर्षं समजून चालली होती, की इतरांपासून लपवलं तरी स्वतःच्या लेकीला मावशीने एकांतात जवळ घेऊन सांगितलं असेल. कोणतीही आई सांगेल. पिंकी उठली. जाताना दारातून म्हणाली, की तू सांग, नाहीतर मी सांगते. त्या दिवशी ती चहा न घेता गेली.

रविवारी मंगलाबाई मखमलाबादला गेली. डब्यात भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. तृप्ती पांढरा ड्रेस धुऊन इस्त्री करत होती. कोपऱ्या-कोपऱ्यातून नीट, जणू तो उद्यानंतर वर्षभर वापरायचा आहे. मंगलाबाईने आडवळण घेतलं नाही.

"तू दिलंस का ते इंजेक्शन?"

"नाही."

"मंग दिलं म्हनून का सांगितलंस?"

तृप्तीने इस्त्री उभी ठेवली. खरंच विचार करत असल्यासारखी थांबली. "सगळे माझ्याकडे बघत होते," ती म्हणाली.

मंगलाबाईने डबा खाली ठेवला. मग जे तिने चौदा वर्षं गिळून ठेवलं होतं ते बाहेर काढलं. घड्याळ पिंकीने घेतलं होतं, ती मला सांगून गेली होती, मी तोंड मिटून बसले. पिंकीला घालवून दिलं असतं, तिचा बाप तसला, म्हणून. तृप्तीने ड्रेसची बाही उलटली आणि पुन्हा इस्त्री धरली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मॅडमनी मला मीठ आणायला पाठवलं होतं. मी दाराशी होते. तू तिला म्हणालीस, तू पण माझीच लेक आहेस."

खोलीत इस्त्रीचा वास भरून राहिला होता.

"मला राग नव्हता आला गं," तृप्ती पुढे म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरच राग नव्हता. "उलट बरं वाटलं. म्हटलं आता तुला कळलं मी घेतलं नाही. आता तू बोलावशील. रोज जेवायला शेवटी थांबायचे, तेव्हा वाटायचं, आता सगळ्या गेल्या, आता बोलावशील. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघितली."

"आन मंग?"

"मग सोडलं."

मंगलाबाई रडली. तृप्तीने तिला पाणी आणून दिलं, पाठीवरून हातही फिरवला, पेशंटच्या नातेवाइकांना फिरवतात तसा. मंगलाबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, की उद्या मी तुझ्याबरोबर येते, नवसाबाई पण आहे, तू फक्त खरं सांग, या वेळी मी तुझ्या मागे उभी आहे. तृप्ती हो म्हणाली. तिला नाही म्हणता येत नव्हतं हे मंगलाबाईला तेव्हाही कळलं नाही. जेवायला बसल्या तेव्हा तृप्तीने आधी आईला वाढलं, मग खोलीतल्या दोघी मुलींना. स्वतः तव्यावरचा तुकडा घेतला.

सोमवारी चौकशीच्या खोलीबाहेर मंगलाबाईने चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. आत टेबलामागे मोठे डॉक्टर, मेट्रन आणि आणखी एक जण कागद घेऊन. सीनियर सिस्टर खुर्चीत अंग चोरून बसली होती. नवसाबाई दाराला टेकून. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, की पुन्हा एकदा विचारतो, घाबरू नका, दबाव असेल तर तसं सांगा. इंजेक्शन तुम्ही दिलंत?

तृप्तीने तोंड उघडलं. नवसाबाई नंतर पिंकीला सांगत होती, की देवाशप्पत, पोरगी त्या वेळी खरं सांगनारच होती, तिच्या तोंडावर दिसत होतं. पण शब्द यायला वेळ लागत होता. इतकी वर्षं न वापरलेली गोष्ट, ती काय चटकन हाताला लागते? आणि मंगलाबाईला धीर धरवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती पोरीच्या मागे उभी होती, तिला मदत करायची होती. ती पुढे झाली, तिने तृप्तीचा दंड धरला.

"म्हण, पोरी," ती म्हणाली. "म्हण."

तृप्तीने आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं. मग डॉक्टरांकडे वळली. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"चुकलं," ती म्हणाली.

मंगलाबाईने नंतर पुष्कळ सांगितलं. ही खोटं बोलतेय, हिने केलेलं नाही, मी हिची आई आहे. तिने नवसाबाईकडे बघितलं. नवसाबाई फरशीकडे बघत होती. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, तुमचं बरोबर आहे. आईला आपलं मूल कधी चुकतच नाही असं वाटतं." कागद घेऊन बसलेल्याने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.

आता तृप्ती वसतिगृहातच असते. नोंदणीचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. पिंकी एका वकिलाकडे खेपा घालते, नवसाबाईला घेऊन जाईन म्हणते. स्वतः येऊन तृप्तीपुढे रडूनही गेली. तृप्तीने तिची समजूत काढली. तृप्ती स्वयंपाकघरात आईच्या हाताखाली काम करते, लहान मुलींचे अभ्यास घेते. नवीन मॅडम आल्या आहेत, त्या म्हणतात, मंगलाबाई, तुमची मुलगी फार समंजस आहे. हा शब्द ऐकला की मंगलाबाई परातीकडे वळते. कोणाला काय सांगणार?

परवा संध्याकाळी जेवणाची घंटा झाली. मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या मागे, दुसरीतल्या दोन चिमुरड्यांच्या पाठीशी, तृप्ती तिचं ताट घेऊन उभी. मंगलाबाईने पहिली भाकरी तव्यावरून काढली, वरण वाढलं, भाजी जरा जास्तच घातली, आणि ते ताट हातात धरून सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्याने हाक मारली.

"तृप्ती, ये. तू आधी घे."

मुलींनी माना वळवून मागे बघितलं. सगळ्या तृप्तीकडे बघायला लागल्या. तशी ती एक पाऊल मागे सरकली आणि हसली.

"त्यांचं होऊ दे, मावशी," ती म्हणाली. "मला सवय आहे."

मंगलाबाई ताट धरून तशीच उभी राहिली. पुढची मुलगी हात पुढे करून थांबली होती, तिला भूक लागली होती. तिच्या मागच्या ढकलाढकली करायला लागल्या. रांग अडवून चालत नाही. मंगलाबाईने ते ताट तिच्या हातात दिलं आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.